गळाभेट आधी

हसू नका, खरं सांगते. आमचा संदीप आणि पुतण्या विशाल, उसाला पाणी पाजायच्या पाळीवरनं भांडलेली पोरं, वर्षभर एकमेकांशी बोलत न्हवती. गल्लीतल्या पिंट्यानं त्याच्या विनोदी पिच्चरमध्ये नेमकं त्यांनाच हवालदार केलं.

"काकू, इंटरवलपर्यंत दोघांची हाणामारी, शेवटी गळाभेट."

"मुडद्या, हाणामारी आधी घेतलीस तर ही खरीच डोकी फोडतील. गळाभेट आधी घे!"

घेतली. मला पटंना, म्हणून परत परत घ्यायला लावली. शेवटी विशाल फिसकन हसला, "दाद्या, तुझी मिशी माझ्या गालाला चिकटली की!"

माझा जीव भांड्यात पडला.

मग हाणामारी घ्यायची, तर काठी उगारली की दोघंबी खिदळायची. पिंट्या रडकुंडीला आला. "काकू, ह्यांचं भांडणच जमंना!"

म्हटलं, "नको जमू दे. वर्षभर फुकट बघितलंय मी ते."