जुन्या पुलाखालचा पट्टा

(अमेरिकेच्या वायव्य टोकाला, ऑलिम्पिक द्वीपकल्पावरील एका नदीकाठचे गाव. मार्च महिन्यातील गुरुवार, दुपार. वृद्ध हाल्वर लुंड यांच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात, शाळेची बस चालवणारी ट्रिना भिंतीवरची एकेक काठी काढून पाहत आहे. बाहेर संततधार, आणि त्या पावसात उभ्या असलेल्या गाडीत तिचा नवरा वेन्डेल बसून आहे.)

हाल्वर : ती जागेवर ठेव, ट्रिना. ती काठी पाहण्यासाठी आहे, घेण्यासाठी नव्हे.

ट्रिना : किंमत तर लावलीय तुम्ही.

हाल्वर : सिअॅटलहून येणाऱ्या डॉक्टरमंडळींसाठी लावली आहे. त्यांना स्वस्त वस्तू पुढे केली की अपमान वाटतो.

ट्रिना : मग माझा अपमान करा. जरा लवकर करा. अडीचला बस काढायचीय मला.

हाल्वर : ही घे. नऊ फुटी, दोन तुकड्यांची. मूठ बुचाची नाही, स्पंजाची आहे, त्यामुळे दिसायला गरीब. पण टोक हलवून पाहा. हळवं आहे ना? आता बुडाकडून वाकव.

ट्रिना : वाकत नाही.

हाल्वर : तेच हवं. स्टीलहेड मासा प्रथम आमिषाला तोंड लावतो ते पाण्यातलं एखादं पान घासून गेल्यासारखं. ते टोकाला कळलं पाहिजे. पुढच्या क्षणी मात्र पुरात ओंडका सुटावा तसा तो सुटतो, तेव्हा बुडाने तग धरायला हवा.

ट्रिना : आणि हे रीळ? डब्यावर लिहिलंय, आत बेअरिंगचे अकरा छर्रे आहेत. त्या शेजारच्या रिळात पाचच.

हाल्वर : छर्रे मोजून रीळ घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. याची दोरी, हे तंगूस, ओढ. सावकाश. कसं सुटतंय?

ट्रिना : अडखळत.

हाल्वर : आता पाच छर्र्यांचं ओढ.

ट्रिना : हे सरळ सुटतं. कुठेच थांबत नाही.

हाल्वर : हा रिळाचा ब्रेक. नवख्या माणसाचा मासा तंगूस तोडून जातो तो इथे. काठी कितीही साधी असली तरी चालते, पण ब्रेकला हिसका बसता कामा नये. तंगूस बारा पौंडांचं भरून देतो, दोन बोये, थोडं शिसं, आणि गुलाबी रबरी किडे. गळांचे उलटे काटे मी आत्ताच पकडीने दाबून ठेवतो, नाहीतर मत्स्यखात्याचा माणूस तुला काठावरच दंड करील.

ट्रिना : सगळं मिळून?

हाल्वर : एकशे दहा डॉलर.

ट्रिना : चालेल.

हाल्वर : चालेल काय? जरा घासाघीस तरी कर. रविवारी सूर्यास्ताला नदी मासेमारीला बंद होते आहे. पुढच्या हिवाळ्याचं खात्याचे लोक काही बोलायला तयार नाहीत. तीन दिवसांसाठी काठी विकत घेणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात पाहिलं नाही. माझी घेऊन जा, सोमवारी परत दे.

ट्रिना : उसनी नको. वेन्डेलला कळेल. तुमच्या सगळ्या काठ्या पाठ आहेत त्याला.

हाल्वर : त्याचीच का नाही घेत? चांगली होती.

ट्रिना : नोव्हेंबरात विकली त्याने. नाकात ऑक्सिजनची नळी आली ना, त्याच आठवड्यात अंगणात टेबल मांडलं आणि सगळं विकून मोकळा झाला. बूटसुद्धा. मी कामावरून आले तर खुर्चीत बसून सुटे पैसे देत होता लोकांना.

हाल्वर : डॉक्टर काय म्हणतात?

ट्रिना : पानगळीपर्यंतचा विचार करू नका म्हणतात. फळ्यांच्या गिरणीत तेवीस वर्षं देवदाराचा भुसा ओढला त्या छातीने, अजून काय होणार?

हाल्वर : हं.

ट्रिना : तुम्हाला ठाऊकच आहे, नऊ हिवाळे गेला तो नदीवर. एकही मासा लागला नाही. एक नाही, हाल्वर! परवा खिडकीशी बसून म्हणाला, लागल्यावर कसा दिसतो तेवढं एकदा बघायला हवं होतं. मी म्हटलं, मी पकडते, तू गाडीतून बघ. हसला. खूप दिवसांनी हसला, मग खोकला आला.

हाल्वर : तू कधी गळ टाकला आहेस?

ट्रिना : सत्तावीस पोरांना रोज सीटवर बसवते. मासा काय, एकच असतो.

हाल्वर : जुनी जाणती माणसंसुद्धा हजार वेळा टाकतात तेव्हा एक लागतो, ट्रिना. तेही मासे असताना. यंदा नदीच्या वरच्या अंगाला गेले ते खात्याने हातांच्या बोटांवर मोजले.

ट्रिना : मग हजार वेळा टाकते. तीन दिवस आहेत. ती रबरी विजार द्या, छातीपर्यंतची. वापरलेली असली तरी चालेल.

हाल्वर : ती नको.

ट्रिना : मग पाण्यात उतरू कशी?

हाल्वर : उतरू नकोस.

ट्रिना : बरं. मग नकाशा काढून द्या. वेन्डेल म्हणाला, पहिली काठी घेणाऱ्याला तुम्ही कागदी पिशवीवर नदीचा नकाशा काढून देता. त्याची पिशवी अजून आहे आमच्याकडे, शीतकपाटावर चिकटवलेली. पिशवी काढलीत, पेन्सिल कानाला आहे, आणि काढत काहीच नाही.

हाल्वर : नकाशे बंद केले मी.

ट्रिना : का?

हाल्वर : बस त्या स्टुलावर.

ट्रिना : अडीचला बस आहे म्हटलं ना.

हाल्वर : उभी राहून ऐक, तर मग. वेन्डेलच्या पिशवीवर काय लिहिलं होतं, आठवतं?

ट्रिना : जुन्या पुलाखालचा पट्टा. बाणही आहे. 'इथे पार कर, गोटे बारीक, पाय घसरत नाही.'

हाल्वर : तेच मी प्रत्येकाला लिहून देत असे. एकतीस हिवाळे. नवखा माणूस बुडू नये, एवढीच बुद्धी होती माझी. नदीचा तळ जिथे स्वच्छ, खडी एकसारखी, पाणी गुडघाभर, तिथून पार जा. गेल्या वसंतात खात्याची एक मुलगी आली. शिकलेली, शांत. मला त्या पट्ट्यावर घेऊन गेली आणि विचारलं, आजोबा, इथे एवढे पावलांचे ठसे का?

ट्रिना : मग?

हाल्वर : मी अभिमानाने सांगितलं की ही वाट माझी आहे. ती वाकली, हाताने खडी बाजूला केली. आत अंडी होती. पांढरी पडलेली, मेलेली. मादी शेपटीने खळगा करते, त्यात अंडी घालते, वर खडी लोटते. आणि त्यासाठी ती नेमकी तीच जागा निवडते, जिथे गोटे बारीक, पाणी स्वच्छ आणि प्रवाह मवाळ. जी मी निवडली होती.

ट्रिना : पाऊल पडलं की...

हाल्वर : एक पाऊल पुरतं.

ट्रिना : तुम्हाला माहीत नव्हतं?

हाल्वर : आमच्यापैकी कुणालाच नव्हतं, असं म्हणून मी काही महिने झोपलो. मग ते म्हणणंही जुनं झालं. आयुष्यभर नदीकाठी राहिलो आणि तळ पाहिला तो केवळ पाय ठेवण्यापुरता. लाकूडतोड आहे, तापलेला समुद्र आहे, कारणं अनेक आहेत, ते ती मुलगीही म्हणाली. पण स्टीलहेड जिथे जन्मतो तिथेच समुद्रातून परततो. त्या पट्ट्यात कुणी जन्मलाच नाही, तर परतणार कोण?

ट्रिना : थांबा. वेन्डेल नऊ वर्षं तिथे उभा होता.

हाल्वर : होय.

ट्रिना : तुम्ही पाठवलंत म्हणून.

हाल्वर : होय.

ट्रिना : घरी यायचा, बूट काढायचा आणि म्हणायचा, माझा हातच जड आहे. दर वेळी. एकदा तर मीच ओरडले, तुझ्या नशिबाला मासा नाही, शनिवारी छपराची गळती तरी बघ. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. आणि तुम्ही इथे त्याला बोये विकत होतात.

हाल्वर : मी बाहेर येतो. त्याला स्वतः सांगतो. दोष हाताचा नव्हता, एवढं त्याला कळलंच पाहिजे.

ट्रिना : बसा खाली.

हाल्वर : ट्रिना, हे ओझं...

ट्रिना : ओझं तुमचं आहे ना? मग तुम्हीच ठेवा. त्याला काय सांगाल? की तुझा हात बरा होता, फक्त तू नऊ हिवाळे मासे तुडवत होतास? 'माझा पट्टा' म्हणतो तो त्याला. झोपेत म्हणतो.

हाल्वर : ...बरं.

ट्रिना : दुसरी जागा सांगा. मासे असतील अशी.

हाल्वर : एक आहे. देवदारांच्या रानापलीकडे, वरचा डोह. दोन-चार असतीलही.

ट्रिना : रस्त्यावरून दिसतो?

हाल्वर : दोन मैल चढाची पायवाट आहे.

ट्रिना : त्याचा ऑक्सिजन फाटकाजवळच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत पुरतो. गाडीत बसून नदी दिसेल अशी जागा कुठली?

हाल्वर : सगळीकडे झाडी आहे. रस्त्यावरून नदी दिसते ती एकाच ठिकाणी.

ट्रिना : पुलाखाली.

हाल्वर : पुलाखाली. आणि आणखी एक ऐकून घे. हॅचरीत टाक्यांमधून वाढवलेले मासे सोडणं थांबलं, आता जे आहेत ते सगळे रानटी. रानटी मासा पाण्याबाहेर उचलता येत नाही, कायदा आहे. दैव उघडलं आणि लागलाच, तरी पुलावरून त्याला पाण्याची खळबळ दिसेल, मासा दिसणार नाही.

ट्रिना : आणि लागायचा तर नाहीच.

हाल्वर : एखादा मासा वर जाताना थकून थांबला तरच. पण तसे ते रात्रीत निघून जातात. आता तुला खोटं सांगण्याची माझी इच्छा नाही. नाही लागणार.

ट्रिना : हॉर्न वाजवतोय. कंटाळला.

हाल्वर : पैसे ठेव तुझ्याजवळ. त्याला सांग, म्हाताऱ्याच्या दुकानात काही धड मिळालं नाही. घरी जा, त्याला सूप कर.

ट्रिना : सूप रोजच करते. बांधा काठी.

हाल्वर : कशासाठी, पोरी?

ट्रिना : काल रात्रीपासून मला शिकवतोय तो. स्वयंपाकघरातला झाडू हातात देऊन. मनगट असं नको, कोपर आत घे, घाई करू नकोस. इतकं बोलणं चार महिन्यांत झालं नव्हतं त्याचं. आता रिकाम्या हाताने जाऊन बसू त्याच्या शेजारी? बांधा म्हणते ना.

हाल्वर : बांधतो. तंगुसाची पहिली गाठ मी मारून देतो. पुढच्या तो मारील.

ट्रिना : बोटं थरथरतात त्याची.

हाल्वर : मग वेळ लागेल. लागू दे.

ट्रिना : हे एकशे वीस घ्या. सुटे नकोत. कसं टाकायचं, तेवढं सांगा.

हाल्वर : पट्ट्याच्या वरच्या टोकापासून सुरुवात कर. बोया वाहत जाऊ दे, काठी उंच धर. मग दोन पावलं खाली सरकून पुन्हा. असं शेवटापर्यंत, आणि मग परत वर. पण काठावरून, ट्रिना. पाण्यात एकही पाऊल नको. खाली अजून काही असलंच, तर...

ट्रिना : नाही ठेवणार. पण काठ खोलगट आहे ना तिथे? काठावरून मी त्याला दिसेन का?

हाल्वर : गाडी पुलाच्या मधोमध, कठड्याला लावून उभी कर. काच पुसत राहायला सांग. दिसशील.