पायरीवरच्या चपला

मुरुमच्या बसथांब्यावर कमलबाईंच्या शेजारी दोघं बहीणभाऊ बसले होते. लेकीनं पसंत केलेला मुलगा पाहायला भाऊ इटलीला जाऊन आला होता. कमलबाईंनी पदर सावरला आणि कान तिकडं दिला.

"गाव कसं हाय रं, शरणबसप्पा?"

"डोंगरावर हाय, अक्का. नळदुर्गावानी तट, उंच बुरूज, मधी जुनं चर्च. आपल्याला देऊळच ते. म्या पायरीवर चपला काढल्या."

"बरं केलंस."

"कसलं बरं! तिथं समदे बूट घालूनच आत जात्यात. लोक हसाया लागले. राजेश्वरी लाजली. म्हणती, अप्पा, घाला की चपला."

"आन् त्यो पोरगा?"

"त्यो खाली बसून बुटाच्या नाड्या सोडाया लागला."

"अगं बाई! मग लग्नाचं काय सांगितलंस?"

"सांगितलं, मांडव मात्र मुरुमातच पडंल."