घाटात हलकी केलेली मोटार

गाडी हलकी करायच्या गोष्टी तुमी मले नका सांगू. आमी एकदा करून पाह्यली, अजून अंगावर काटा येते.

माही वयनी बाळंतपणात अडली होती. भाऊ नागपूरले नोकरीवर, घरात दुसरं बाईमाणूस नाही, सुईणीनं हात टेकले. मंग कापसाच्या जिनवाल्या शेठची जुनी मोटार मागतली आन् फुलसावंगीहून पुसदच्या दवाखान्यात निंघालो. घाटात अर्ध्या चढावर मोटार थांबली.

गफूर ड्रायव्हर म्हणे, "वजन कम करो, तभी चढेगी."

बाबानं हुकूम सोडला, "सारे उतरा!"

आमी स्टेपनी काढली, मांगचे दरवाजे काढले, आन् ते वझं घेऊन मी आन् बाबा पायवाटेनं वर गेलो. गफूरनं इंजिनात पाणी टाकलं आन् मांगं न पाहता मोटार दामटली. एका दमात वर आली!

"देखा? कैसी चढी!"

मी आत पाह्यलं. मांगची सीट रिकामी.

आमी पळत खाली गेलो. बाबाचं पागोटं कुठं पडलं, पत्ता नाही. वळणावर वयनी सागाच्या झाडाले धरून उभी होती, डोक्यावर पदर तसाच.

"अवं, तू काहून उतरली?" बाबा वरडले.

लग्नापासून वयनी सासऱ्यासमोर एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"या घरात तुमचा हुकूम कोणी मोडला हाये का, मामाजी?"

दवाखान्यात पोचताच पोरगी झाली. तवापासून बाबाचा कोणताबी हुकूम एकाच बोलानं सुरू होये, "सूनबाई सोडून, सारे..."