नववा सामना

सुनेत्रा : "एकही सामना गाळायचा नाही, सुनेत्रा. हरलेला तर मुळीच नाही." पहिल्या दिवशी वही हातात देताना वॉल्टरकाका एवढंच म्हणाले होते.

प्रबोध : म्हणाले असतील गं. पण आज? सातचं विमान आहे. अकराला पॅकर्स येतायत, दोनला घरमालकाला किल्ल्या द्यायच्यात. नऊ वर्षांचं घर आवरून हा देश कायमचा सोडायचाय, आणि तू म्हणतेस, पासिर रिसच्या नर्सिंग होमला जाऊन फुटबॉल वाचून येते!

इरा : रिअल फुटबॉल पण नाही, बाबा. अमेरिकन. बॉल हातात घेऊन पळतात ना.

सुनेत्रा : कसे का पळेनात. बारा सामने वाचून दाखवीन, असा शब्द दिलाय मी. दोन राहिलेत.

प्रबोध : राहू देत. तूच सांगत होतीस ना, डॅलसची ती टीम बावन्न सालच्या अख्ख्या हंगामात एकच सामना जिंकली? तो परवा वाचलास. म्हातारा खूश झाला. चांगल्या जागी थांबलं, असं समज.

सुनेत्रा : पारायणात आवडत्या अध्यायाशी थांबतं का कुणी?

प्रबोध : ती पोथी नाहीये.

सुनेत्रा : त्यांच्यासाठी आहे. वडिलांच्या हातची वही आहे ती. काका दहा वर्षांचे होते तेव्हा. रेडिओला कान लावून वडील एकेक सामना लिहून काढायचे. हंगाम अर्धा झाला नाही तोच मालकांनी हात वर केले. टीमला स्वतःचं गावही उरलं नाही. तरी वडील पेपरातून शोधून लिहीत राहिले. काकांनी विचारलं, "रोज हरतात, कशाला लिहायचं?" तर म्हणाले, "मैदानावर आले ना ते? मग लिहायचं."

इरा : आई, ही पानं का बंद केलीस? तुझी हेअरपिन लावलीय. नंबर नाइन.

सुनेत्रा : दे ती वही इकडे.

इरा : यू स्किप्ड वन!

प्रबोध : सुनेत्रा?

सुनेत्रा : हो. नववा गाळला मी. तीन राहिलेत, दोन नाही.

प्रबोध : तू? एकादशीला चहात साखर कुठली घातली ते विचारणारी तू?

सुनेत्रा : थट्टा नको हो. परवा त्यांना फार धाप लागली होती. नर्स म्हणाली, काही सांगता येत नाही. मला वाटलं, जिंकलेल्या सामन्यापर्यंत पोचलेच नाहीत तर? म्हणून पिन लावली आणि एकदम दहावा काढला. सत्तावीस-तेवीस. शिकागोच्या दांडग्या टीमला हरवलं त्यांनी. काकांनी किती दिवसांनी टाळ्या वाजवल्या!

प्रबोध : मग बरंच केलंस की. त्यांना कुठे दिसतंय?

सुनेत्रा : दिसत नाही, मोजता येतं. वाचून झाल्यावर म्हणाले, "नववा कधी झाला?" आणि मी सांगितलं, "काल झाला काका. तुमचा डोळा लागला होता."

इरा : आई! तू लाय केलंस?

सुनेत्रा : हं. आणि त्यांनी माझीच माफी मागितली. "सॉरी सुनेत्रा, तू एवढ्या लांबून येतेस आणि मी झोपतो." काल मी तिकडे गेले, तर भेटूच दिलं नाही. तेव्हापासून जपाला बसले की माळ पुढे सरकत नाही माझी.

प्रबोध : फोन कर ना मग. नर्सला सांग, स्पीकर लाव म्हणावं.

सुनेत्रा : फोनवरचं त्यांना ऐकू येत नाही धड. आणि खोटं मी उशाशी बसून बोलले होते.

प्रबोध : तिथलं दुसरं कुणी वाचून दाखवेल.

सुनेत्रा : पिन मी लावलीय. दुसऱ्यानं का काढायची?

प्रबोध : मी एकटा काय काय बघू इथे? देव्हाऱ्याला हात लावला की तूच ओरडतेस.

सुनेत्रा : देव सकाळीच रेशमी कापडात बांधून तुमच्या हँडबॅगेत ठेवलेत. डब्यांवर चिठ्ठ्या आहेत. मी भांडत नाहीये हो. सांगतेय फक्त. तुम्ही सहा-सहा महिने जहाजावर असायचात, तेव्हा ह्या इराला रोज सकाळी शाळेच्या बसपर्यंत कोण सोडायचं? शेजारचे वॉल्टरकाकाच ना?

इरा : आणि रोज माझ्या डब्यातली अर्धी पोळी खायचे.

सुनेत्रा : मला कधी सांगितलं नाहीस ते.

इरा : सीक्रेट होतं. पण आई, आत्ता खरं सांगितलंस तर तो जिंकलेला सामना पण स्पॉइल होईल. ही वॉज सो हॅपी.

सुनेत्रा : होईल कदाचित. तोच विचार करत होते मी कालपासून. पण त्यांना काय वाटतंय ठाऊक आहे? वडिलांनी लिहिलेलं एक पान आपण झोपेत घालवलं. ते ओझं घेऊन पडलेत ते. आणि ते माझं आहे.



प्रबोध : काही खाल्लंस का? गुरुवार आहे.

सुनेत्रा : केळं खाल्लंय.

प्रबोध : मग घरी परत येऊ नकोस. पासिर रिसहून चांगी विमानतळ जवळ आहे. बॅगा घेऊन आम्ही येतो, तू तिकडूनच ये. चारला. साडेचार नाही.

सुनेत्रा : चारला.

प्रबोध : इरा, चिठ्ठ्या तू वाच. हिचं अक्षर मला लागत नाही.

इरा : ओके. आई, अंकल रागावले तर?

सुनेत्रा : रागावू देत. त्यांचं बोलून झालं की नववा वाचेन. मग अकरावा. मग बारावा.

प्रबोध : तिन्ही हरलेलेच.

सुनेत्रा : तिन्ही. पासपोर्ट घेतलाय मी पर्समध्ये. येते हं.