कॅमेरा वगळून

नाही, नाही, तो पेनड्राइव्ह आधी खिशात ठेवा — फॉरमॅट करायचं नाहीये. तुम्हाला सांगितलं असेल माझ्या मुलाने, आई काहीतरी घोळ घालून बसलीय, सगळं पुसून नवीन टाकून या. आणि मला काय सांगितलंय, तेही ऐका — आज संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर चालू झाला नाही तर रविवारी गाडी घेऊन येतो, घराला कुलूप लावू, तू माझ्याकडे चल. म्हणजे मशीन बंद पडलं की आईही कामातून गेली, असा त्याचा हिशोब. बसा, ते स्टूल ओढा.

बिघडलंय काय? काही नाही. कर्नल मी स्वतः बांधते — कर्नल म्हणजे मशीनचा गाभा, सुरू होताना सगळ्यात आधी तो उठतो आणि मग बाकीच्यांना उठवतो — तुम्हाला माहीत असणार म्हणा, पण तुम्ही लोक तयार घेता, मी काय हवं, काय नको ते निवडून कंपाइल करते. बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात उभी हयात काढली, आता हे सोडून भजनी मंडळात जाऊ का? तर परवा बांधला आणि चुकले. हो, चुकले, त्यात लाजायचं काय? डिस्क वाचणारा ड्रायव्हर — तेवढंच काम करणारा छोटा प्रोग्रॅम — कर्नलच्या आत घ्यायचा, तो मी सुटा ठेवला — आणि सुटे ड्रायव्हर राहतात कुठे? त्या डिस्कवरच. म्हणजे किल्ली कपाटात ठेवली आणि कपाट लावून घेतलं. मशीन उठतं, डिस्क सापडत नाही म्हणतं आणि ठप्प होतं.

जुना कर्नल आहे ना, आत्ता त्याच्यावरच चाललंय, नवा परत कंपाइल होतोय — त्या ओळी पळताहेत ना, त्या. मग जुनाच का नको? नको, कारण त्यात ह्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर आहे. मुलाने बसवलाय, तिकडे ऑफिसात बसून त्याला माझी खोली दिसते. काळजी म्हणून हो. मी त्याच्या डोळ्यावर पट्टी चिकटवून पाहिली — लगेच फोन, आई, पट्टी काढ. म्हणून म्हटलं, गाभ्यातूनच काढू, त्याला वाटेल मशीन जुनं झालं, कॅमेरा ओळखत नाही. आत्ता नेटची वायर काढून ठेवलीय, काळजी नको.

तसं आधी चालत होतं मला. मी काय चोरून करते घरात? पण गेल्या आठवड्यात — पायाकडे बघू नका हो, सुजलाय म्हणून बांधलाय. न्हाणीघरात घसरले. पटकन उठता येईना, फरशी गार, हाक मारली तर ऐकायला कोण — घाबरले, खोटं कशाला बोलू. मग बादलीला धरून, भिंतीला धरून उठले. उठले ना? कॅमेरा चालू असेपर्यंत त्याच्यासमोर खुर्चीतून हललेच नाही — मला लंगडताना बघितलं असतं तर त्याच दिवशी दारात गाडी आली असती. सून चांगली आहे, पण तिकडे मला एक खुर्ची आणि टीव्ही. इथे भांडं कुठे ठेवायचं ते मी ठरवते.

झालं बघा. रिस्टार्ट करते, जरा गप्प बसा — डिस्क सापडली. लॉगिन आलं. कॅमेरा नाही. बघितलंत?

आता कोण बोललं? ‘आई’ अशी हाक कोणी मारली? तुमच्या खिशातून — कधीपासून चालू आहे हा फोन? दारात आलात तेव्हापासून?

बरं. काढा बाहेर, धरा इकडे. ऐकलंस ना सगळं? हो, पडले. दुखतंय अजून, डॉक्टरकडे मीच जाईन रिक्षा करून. मशीन चालू आहे, तुझी अट संपली. रविवारी ये, जेवायला ये, गाडी रिकामी परत जाईल. रोज फोन कर, मी उचलेन, पण बघायचं नाही मला असं वरून. रडू नकोस रे. ठेव आता.

आणि तुम्ही — निघा. दार ओढून घ्या, मला उठायला वेळ लागतो.