कुंडी भरून पाणी

पुस्तकांच्या दुकानात रांग हलत नव्हती. रांगेत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांच्या पुढे बहीणभाऊ उभे होते. भावाने चौथ्यांदा मनगटाकडे पाहिलं.

"दादा, ह्या पुस्तकातल्या सगळ्या कोरफडी फुललेल्या. आपली कुठे फुलली होती?"

"मग हे दुसरं घेऊ. ह्यात नुसत्या पानांवरून ओळखता येतं. आई उद्या हॉस्पिटलमधून येतेय, त्याआधी नेमकी जात कळली तर हुबेहूब तसंच रोप आणता येईल."

"पण सडली कशी?"

"रोज पाणी घातलं गं."

"कोरफडीला? रोज? आईला बोलला नाहीस ना?"

"रोज सांगायचो. कुंडी भरून घातलंय, काळजी करू नकोस."

"मग ती?"

"काही नाही. म्हणायची, तू वेळेवर जेवतोस ना?"

"दादा, आईला केव्हाच कळलंय. ते पुस्तक ठेव जागेवर."