सकाळी हा पूल सपाट होता

— नाही, उतरणार नाही असं मी कुठं म्हणाले? मी म्हणाले, जरा थांब. थांब म्हणजे नाही असं होत नाही बाळा. मागच्यांना जाऊ दे पुढं. जा हो, जा तुम्ही, मला घाई नाही — घाई आहे, पण तुम्ही जा. मी इथं कठड्याला धरून उभी आहे, कुणाच्या वाटेत नाही. नाव काय तुझं? बिल्ल्यावर काय लिहिलंय — अर्नेल. फिलिपिन्स. बरं, अर्नेल, मी लवॉन, नेब्रास्काची. आता मला एवढंच सांग, सकाळी हा पूल सपाट होता की नव्हता? होता. मी स्वतः आले यावरून, हा वॉकर ढकलत, स्वयंपाकघरातून अंगणात यावं तशी. तुझाच जोडीदार होता, तो उंच, कानात बाळी — त्यानं कोपराला नुसतं बोट लावलं होतं. आणि आता बघ. आता हा पूल आहे का? ही शिडी आहे शिडी. खालचं टोक कुणी नेलं एवढं खाली?

हो, ओहोटी. कळलं मला, मघापासून तेच सांगतोयस. पाणी उतरलं, पाण्याबरोबर तो तराफा उतरला, तराफ्याबरोबर पुलाचं टोक उतरलं. पण आमच्याकडं समुद्र नाही रे. आमच्याकडं प्लॅट नदी आहे. ती उन्हाळ्यात गुडघ्याएवढी असते, बर्फ वितळलं की शेतात घुसते, पण न्याहारीला वर आणि दुपारच्या कॉफीला खाली असला चाळा करत नाही. सकाळी मी नीट बघून घेतलं होतं — धक्का कुठं, पूल कुठं, धरायला काय आहे — म्हटलं, परत येईन तेव्हा सगळं इथंच असेल. जमीन असते ना जागच्या जागी, तसं. तुम्ही जहाजाच्या लोकांनी जेवणाच्या वेळा छापून दिल्या, नाचाच्या वेळा दिल्या, ही वेळ का नाही दिली? दिली होती? पाण्याची वेळ? — बारीक अक्षरात असेल. मी सूप काय आहे ते बघत होते.

आणि तसं बघितलं तर मी पास आहे. विचार तिकडं. जहाजाच्या खालच्या दारापाशी जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्यात ना, दोन, मध्ये हातभर जागा सोडून — इकडून तिकडं पाऊल टाकायचं, कुणाला न धरता, तरच जहाजावरून गावात आणणाऱ्या होडीत सोडतात. टाकलं मी. उजवा खुबा दोनदा कापलाय माझा, तो पाय उचलत नाही, मागनं ओढून आणावा लागतो, तरी टाकलं. काल खोलीत दोन टॉवेल पसरून सराव केला होता. ड्वेन पलंगावर बसून बघत होता, म्हणाला, "लवॉन, डबकं कुठाय?" मी म्हटलं, आहे समज. तर तोही उठला आणि मारली की उडी! मग आम्ही दोघं नुसते हसत बसलो — ड्वेन म्हणजे माझा नवरा. जहाजावर आहे. झोपलाय. खाणं झालं की झोपतो तो. त्यात काय एवढं.

ग्लेंडा, जा तू पुढं, माझी वाट बघू नकोस! हो हो, सांगेन त्याला! — ही आमच्या जेवणाच्या टेबलावरची. भली बाई आहे, पण तिला सगळं विचारायचं असतं. ड्वेन तेच तेच का विचारतो म्हणून विचारत होती. मी सांगितलं, त्याला कमी ऐकू येतं. तेव्हापासून बिचारी त्याच्या कानात ओरडते, आणि तो मला विचारतो, ही बाई माझ्यावर का चिडलीय.

पिशवीत काय बघतोस? त्या टेबलापाशी तपासली की त्यांनी. ब्लूबेरीचा जॅम आहे. पाणी आहे. आणि — हो, बूट आहेत. पुरुषाचे. दुरुस्तीला आणले होते, टाच घासलीय. नाही झाली दुरुस्ती. चांभार मिळाला नाही. या गावात सगळी दुकानं लॉबस्टरच्या चित्राची, टाच कोण लावून देणार? तू बुटांचं सोड, वॉकर घे आधी. तो घडी करून खाली दे, मी कठडा धरून येते — एक पाऊल — हे बघ, येतेय की —

नाही. नाही, धर, धर मला. मागं घे. मागं.

आई गं.

ठीक आहे. काही झालं नाही. पाय सुटला जरा. खालचं पाणी दिसतं ना त्या फटीतून, त्यानं झालं. मला उचलून नेता येणार नाही तुला, माहीत आहे मला, नियम आहे, कोपर धरायचं आणि तोंडानं धीर द्यायचा. तुझ्या नोकरीवर येईल असं काही मी मागत नाही. पण ही शेवटची होडी ना? मग? माझं काय? — हॉटेल. हॉटेलात काय करू मी? कंपनी खोली देईल, उद्या विमानाचं बघेल, पुढच्या बंदरात जहाज गाठून देईल. हे तू फार चांगलं बोलतोस, तुला शिकवलंय तसं, पण मला हॉटेल नको. मला त्या खोलीत जायचंय. आत्ता. नवरा आहे ना तिकडं, म्हणतोस? तो आहे, म्हणूनच. मोठा माणूस आहे तर काय झालं? मोठी माणसं —

इकडं ये जरा. त्या तपासणीच्या टेबलावरच्या छत्रीवाल्यांना ऐकू जायला नको. ते बूट दुरुस्तीला नव्हते आणले. मी ते घेऊन आले कारण बुटांशिवाय तो दाराबाहेर पडत नाही. घरीही असंच करते मी, दुकानात जायचं असलं की त्याचे बूट गाडीत टाकते. तो बूट शोधत राहतो, शोधता शोधता काय शोधतोय ते विसरतो, आणि मी परत येते. कुलूप लावलं तर तो दार फोडेल, बुटांचं तसं नाही, बुटांवर कुणी चिडत नाही. जहाजावर बाहेरून कुलूप लागतही नाही. मी दाराला ती पाटी अडकवली, झोपलोय, त्रास देऊ नका, आणि आले. खोली मुद्दाम आतली घेतली, खिडकी नसलेली. बाल्कनी नको म्हटलं. जोलीन म्हणाली, "आई, समुद्रावर जायचं आणि समुद्र बघायचा नाही?" मी म्हटलं, स्वस्त पडतं. जोलीन आमची मुलगी. तिला यातलं काही माहीत नाही. म्हणजे तो कसा आहे ते माहीत आहे, पण मी डॉक्टरला विचारलंय असं सांगितलंय तिला. डॉक्टर हो म्हणाले, म्हटलं. डॉक्टरला विचारलंच नाही मी. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण झाला की त्याला म्हाताऱ्यांच्या त्या घरात ठेवायचं ठरलंय, जिथं दारांना आकडे दाबायचं कुलूप असतं. त्याच्या आधी एकदा, म्हटलं, दोघं मिळून कुठं तरी. आता तुम्हाला कळलं की तुम्ही त्याला पुढच्या बंदरात उतरवणार, जोलीनला फोन करणार, आणि थँक्सगिव्हिंगपर्यंत कोण थांबतंय मग. म्हणून बोलत नव्हते. कळलं ना?

मग एकटं सोडून आलीस कशाला — हेच तुझ्या तोंडावर आलंय. विचार ना. जॅम आणायला. नाही, जॅमसाठी नाही. एक तास हवा होता मला. अर्नेल, मी त्या बाकावर बसले, त्या तिथं, हिरवळीवर. लॉबस्टरचा पाव घेतला, लोणी पार कोपरापर्यंत ओघळलं, आणि मला कुणी विचारलं नाही की आपण घरी कधी जायचं. एकदासुद्धा नाही. एक माणूस कुत्रा घेऊन आला, म्हणाला, हवा छान आहे, आणि निघून गेला. परत फिरून येऊन हवा छान आहे असं म्हणाला नाही. तुला हसू येईल, पण मला तिथं रडू फुटलं. मग अजून थोडं बसले. मग अजून थोडं. एका तासाची दुपार झाली. जहाज समोरच पाण्यात नांगरलेलं दिसत होतं, पांढरं, आणि मी म्हटलं — हे कशाला सांगतेय मी तुला — मी म्हटलं, ते आता निघून गेलं तर? त्याला घेऊन, मला इथं सोडून? वर जेवण आहे, गादी आहे, डॉक्टर आहे. त्याचं काय अडणार आहे? एक घास गिळायला लागतो ना, तेवढाच वेळ वाटलं तसं. तेवढाच. मग उठले, धावतच आले, मी धावते म्हणजे कशी ते तू बघितलंस — आणि येऊन बघते तर पूल हा असा. माझं ऐकलं कुणीतरी वरनं, दुसरं काय.

नाही, रडत नाहीये. वारा आहे.

बरं. काढ तुझं ते यंत्र, बोल त्यांच्याशी. सगळं सांग. आता लपवून काय करायचंय? सहावा मजला, मागच्या लिफ्टजवळची आतली खोली, नाव ड्वेन कुबिचेक. पण त्यांना म्हणावं, दार धाडधाड वाजवू नका. आधी दिवा लावा, मग बोला, अंधारात बोललं की तो घाबरतो. सर म्हणू नका, त्याला पोलीस आलेत असं वाटतं. ड्वेन म्हणा. आणि दोघंतिघं एकदम घुसू नका, एकच जा, शक्यतो बाई. सांगितलंस? बाई म्हणून सांगितलंस?

काय म्हणतायत? मोठ्यानं कर ना जरा. खोली — उघडी?

कुठाय तो?

मोज्यांवर. मोज्यांवरच गेला. आणि मी हे बूट घेऊन इथं गावभर हिंडतेय. काय करतोय? दारं ठोठावतोय — लोकांची? एकेक दार ठोठावतोय आणि विचारतोय, मागं कुणी राहिलंय का. हो. हो, तोच तो. त्यांना सांग, वेडा नाहीये तो, चोरही नाही. त्यानं जन्मभर शाळेची बस चालवली. रोज शेवटची फेरी झाली की किल्ली काढायच्या आधी मागच्या बाकापर्यंत चालत जायचा, वाकून खाली बघत, कुणी पोर झोपून राहिलंय का म्हणून. एकही पोर कधी राहिलं नाही त्याच्याकडून. तो जागा झाला, अंधार दिसला, कुणी नाही — त्याला वाटणार बसमध्ये कुणीतरी राहिलंय. त्याला धरू नका म्हणावं! धरलं की तो हात उगारतो. माझ्यावरही उगारलाय — माझी बाही खाली कर ती, तिथं काय बघतोस, जुनं आहे ते — नुसतं त्याच्याबरोबर चाला. तो दार ठोठावेल, तुम्ही म्हणा, इथं कुणी नाही ड्वेन, आणि पुढं चला. चालेल तो. तासभर चालेल. तासभरानंतर मात्र तो कुणाचं ऐकत नाही. माझं ऐकतो.

आणि तुझा साहेब काय म्हणाला? मला इथं ठेवा? त्याला वैद्यकीय खोलीत नेऊ? आणि तिथं त्याला कोण सांगणार की मी येतेय? उद्या कुठल्या तरी विमानातून? तो उद्या म्हणजे काय ते ओळखत नाही रे बाळा, त्याला फक्त दार उघडलं की मी दिसायला लागते.

अर्नेल, बसून उतरलेलं चालतं का?

बसून. ढुंगणावर. पोरं जिन्यावरून येतात तसं. नियमात असं लिहिलंय का की उभ्यानंच उतरायचं? पट्ट्यांपाशी उभं राहून पाऊल टाकायचं लिहिलंय, ते मी खाली टाकीन, तराफ्यावर, सपाटीला. मध्ये मी कशी येते ते कुणी विचारलेलं नाही. तू मला उचलत नाहीस, मी तुझ्यावर पडत नाही. बघू देत लोकांना. होडीच्या खिडक्यांतून सगळी तोंडं इकडंच आहेत, आणि ग्लेंडा मधोमध, बघू दे तिला, जेवताना बोलायला विषय होईल. धर ही पिशवी. जॅम फुटला तरी चालेल. हं — हा कठडा — हा गुडघा — बसले. बसले बाई एकदाची. गार आहे हे लोखंड.

तू काय करतोयस? अरे, पांढरी पॅन्ट आहे तुझी! खाली काय बसतोस? — पुढं. माझ्या पुढं बसतोयस. माझे पाय तुझ्या खांद्यावर? बरं. तू बसलायस नुसता, उचलत नाहीयेस, बरोबर? कुणी विचारलं तर तू दमला होतास. चल. एक बोट सरक. अजून एक. उजवा पाय जरा हातानं आण — नको, मी आणते, माझाच आहे. आई तुझी कुठं असते? तिकडंच? तिला सांगू नकोस हे. नाहीतर सांग. सरक. खालचं पाणी बघत नाही मी, तुझ्या मानेवरचा तीळ बघतेय. सरक. खुबा बोलायला लागला, बोलू दे. साहेबाला म्हणावं, येतेय. ड्वेनला म्हणावं — नको, त्याला काही म्हणू नका, नुसतं चालत राहा त्याच्याबरोबर.

लागला का तराफा? लागला. उठव — उठव म्हणजे कोपर दे फक्त. असं. उभी आहे मी. हलतंय हे सगळं. वॉकर नको, तो आत गेला ना, बस्स. लाट आली की होडी वर येते आणि खाली जाते, वर येते आणि खाली. वर येताना टाकायचं नाही, वर येऊन थांबली की टाकायचं, एवढंच ना? सकाळी त्यानं शिकवलं होतं, बाळीवाल्यानं. तू आत जा. आत जाऊन उभा राहा, हात पुढं कर, मला ओढू मात्र नकोस. जा. मला आता बोलायला लावू नकोस, बोलताना श्वास जातो माझा.

ही नाही.

हीही नाही.

— ही.